आरोपाला तारीख विचारा : रखमाबाईंचा खटला आणि जोडीदाराचे उलटे आरोप

एमएससीच्या पहिल्याच आठवड्यात आम्हाला प्रयोगाची वही कशी लिहायची ते शिकवलं होतं. पानांना आधी क्रमांक घालायचे. पान फाडायचं नाही. चुकलं तर एकच आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. डाव्या पानावर जे दिसलं तेवढंच लिहायचं आणि त्याचा मला लागलेला अर्थ उजव्या पानावर. दोन्ही एकाच ओळीत आले की सर वही परत करायचे. तेव्हा हा सगळा काच वाटायचा. पुढे ही सवय मला दोन ठिकाणी उपयोगी पडली : जुनी कागदपत्रं वाचताना, आणि एका नात्यातून बाहेर पडताना. आज दोन्हींबद्दल एकत्र लिहितेय, कारण माझ्या डोक्यात ती आता वेगळी करता येत नाहीत.

मी मूळची वनस्पतिशास्त्राची. पीएचडी एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईत औषधी वनस्पतींच्या नोंदी कशा झाल्या यावर. या विषयात डॉ. सखाराम अर्जुन हे नाव टाळताच येत नाही. ग्रँट मेडिकल कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारे, मुंबईच्या बाजारात मिळणाऱ्या औषधांची सूची १८७९ मध्ये छापणारे आणि १८८३ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन करणाऱ्या आठ जणांपैकी एक. त्या आठांत भारतीय दोनच होते, हे आणि डॉ. आत्माराम पांडुरंग. मी सखाराम अर्जुनांच्या झाडपाल्यामागे गेले आणि त्यांच्या सावत्र मुलीपाशी पोचले. ती मुलगी म्हणजे रखमाबाई.

खटला थोडक्यात

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ चा. वडील जनार्दन पांडुरंग त्या अगदी लहान असताना वारले. आई जयंतीबाई सुतार समाजातल्या. त्या समाजात विधवेला पुन्हा लग्न करता येत होतं, म्हणून त्यांचं लग्न सखाराम अर्जुनांशी झालं. लग्नाआधी जयंतीबाईंनी पहिल्या नवऱ्याकडून आलेली सुमारे २५,००० रुपयांची मालमत्ता मुलीच्या नावे केली. हा आकडा लक्षात ठेवा. पुढच्या सगळ्या भांडणाच्या मुळाशी तो आहे.

रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी या १९ वर्षांच्या नातेवाईक मुलाशी झालं. ठरलं असं की दादाजींनी सासुरवाडीतच राहायचं, त्यांचा खर्च सासऱ्यांनी करायचा आणि त्यांनी शिकून मार्गाला लागायचं. रखमाबाई वयात आल्यावरही गर्भाधानाला सखाराम अर्जुनांनी नकार दिला. ते डॉक्टर होते, कोवळ्या वयातल्या बाळंतपणाचे परिणाम त्यांना ठाऊक होते. दादाजींचं शिक्षण काही झालं नाही. आई गेल्यावर ते मामा नारायण धुरमाजी यांच्याकडे राहायला गेले. तब्येत खालावली, कर्ज झालं. रखमाबाई मात्र घरी बसून वाचत राहिल्या.

मार्च १८८४ मध्ये दादाजींनी वकिलामार्फत पत्र पाठवलं, बायकोला नांदायला पाठवा. त्यानंतर वैवाहिक हक्क परत मिळावेत म्हणून मुंबई हायकोर्टात दावा लावला. दावा सुनावणीला येण्याआधीच, १६ एप्रिल १८८५ ला, सखाराम अर्जुन वारले. सप्टेंबर १८८५ मध्ये न्या. पिन्ही यांनी निकाल रखमाबाईंच्या बाजूने दिला. त्यांचं म्हणणं साधं होतं : ही दोघं कधी एकत्र नांदलीच नाहीत, तर ‘परत’ काय द्यायचं? १८८६ मध्ये अपिलात न्या. सार्जंट आणि न्या. बेली यांनी हा निकाल फिरवला. मग ४ मार्च १८८७ ला न्या. फॅरन यांनी आदेश दिला की महिन्याभरात नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिन्यांपर्यंत तुरुंग. रखमाबाईंनी तुरुंग पत्करते असं सांगितलं. अखेर जुलै १८८८ मध्ये तडजोड झाली. दादाजींनी २,००० रुपये घेऊन हुकूम बजावायचा नाही असं कबूल केलं. रखमाबाई १८८९ मध्ये लंडनला गेल्या, १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या आणि पुढची पस्तीस-एक वर्षं त्यांनी सुरत आणि राजकोटला दवाखान्यात काढली.

आरोप एका बाजूला, नोंद दुसऱ्या बाजूला

हा खटला बहुतेक वेळा संमतिवयाचा किंवा सुधारक विरुद्ध सनातनी असा वाचला जातो. बेहरामजी मलबारी एका बाजूला, टिळक दुसऱ्या बाजूला. ते वाचन बरोबरच आहे. पण मी तो पहिल्यांदा वाचला तेव्हा माझं लक्ष दुसरीकडेच अडकलं : दादाजी नेमके कसले आरोप करत होते?

१८८७ मध्ये त्यांनी आपली बाजू मांडणारं एक पत्रक इंग्रजीत छापलं. त्यांचं मुख्य म्हणणं असं की बायकोला माझ्याकडे येऊ न देण्यामागे तिच्या आईचा आणि आजोबांचा पैशाचा लोभ आहे, मुलगी सासरी गेली तर मालमत्ता हातची जाईल ही त्यांना भीती आहे. आणि ती मुलगी स्वतःच्या मनाने वागतच नाही, तिला दुसरे कुणीतरी नाचवताहेत.

रखमाबाईंनी २९ जून १८८७ च्या ‘बॉम्बे गॅझेट’मध्ये याला उत्तर दिलं. आता माझ्या वहीतली दोन पानं समोरासमोर ठेवा.

डावीकडे आरोप : सासरचे पैशावर डोळा ठेवून आहेत. उजवीकडे नोंद : लग्नानंतर ज्यांचा खर्च दुसऱ्यांनी केला ते दादाजी. रखमाबाईंच्या सांगण्यानुसार कर्जात बुडालेले आणि ते बायकोच्या मालमत्तेतून फिटेल अशी आशा धरून असलेलेही तेच.

डावीकडे आरोप : तिला दुसरे चालवतात. उजवीकडे नोंद : मामाच्या घरात, मामाच्या आधाराने राहत होते ते दादाजी. रखमाबाईंनी कोर्टात नकाराची जी तीन कारणं दिली त्यांतलं एक हेच होतं, की नवरा ज्याच्या आश्रयाला आहे त्या माणसाची वागणूक ठीक नाही. उरलेली दोन म्हणजे घर आणि पोट चालवण्याची ऐपत नसणं, आणि दमा-क्षयाची लक्षणं.

आपल्याकडे याला म्हणी आहेतच. चोराच्या उलट्या बोंबा. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून. मानसशास्त्रात याला प्रक्षेपण म्हणतात. स्वतःतली जी गोष्ट पाहवत नाही ती समोरच्याच्या अंगावर दिसू लागते. फ्रॉइडने १८९५ मध्ये मित्र फ्लीस याला पाठवलेल्या टिपणात ही कल्पना मांडली. त्याची मुलगी ॲना फ्रॉइड हिने १९३६ च्या पुस्तकात ती मनाच्या बचावाच्या इतर युक्त्यांसोबत नीट लावून दाखवली.

आमच्यासारख्या प्रयोगवाल्यांना नुसत्या कल्पनेने समाधान होत नाही, म्हणून दोन अभ्यास सांगते. १९९७ मध्ये न्यूमन, डफ आणि बाउमाइस्टर यांना असं दिसलं की स्वतःच्या एखाद्या नावडत्या गुणाचा विचार मुद्दाम दाबायला सांगितलं, की नंतर माणसं तोच गुण दुसऱ्याच्या वागण्यात जास्त पाहतात. म्हणजे समोरचा दर वेळी ठरवून खोटं बोलत असतो असं नाही. त्याला खरंच तसं दिसत असतं. दुसरा अभ्यास २००१ चा, रकर आणि प्रॅटकॅनिस यांचा. त्यांनी बघ्यांवर काय परिणाम होतो ते तपासलं. आपल्याच चुकीचा आरोप दुसऱ्यावर करणाऱ्याकडे बघे कमी दोष देतात आणि ज्याच्यावर आरोप झाला त्याच्याकडे जास्त. थोडक्यात, उलटी बोंब चालते. म्हणूनच ती शतकानुशतकं टिकून आहे.

थांबा, इथे घाई नको

संशोधनाची तयारी करणाऱ्यांसाठी हा भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे. वर मी दोन पानं समोरासमोर ठेवली, पण ‘दादाजी प्रक्षेपण करत होते’ असं वाक्य मी लिहिलेलं नाही. प्रबंधातही लिहिणार नाही.

एक तर मेलेल्या माणसाला खुर्चीत बसवून निदान करता येत नाही. दुसरं, उजव्या पानावरच्या बऱ्याच नोंदी रखमाबाईंच्या उत्तरातून आल्या आहेत, आणि त्या खटल्यातल्या प्रतिवादी होत्या. तिसरं, दादाजींच्या बाजूनेही पाहावं लागतं. सासऱ्याच्या घरात वाढत्या वयात ‘तू शीक, तू सुधार’ हे रोज ऐकणाऱ्या गरीब मुलाला अपमान वाटला असेल तर तो खोटा म्हणता येणार नाही. शेवटचे २,००० रुपये ‘बघा, पैसाच हवा होता’ याचा पुरावा म्हणून वापरायचा मोह होतो. पण चार वर्षं चाललेल्या दाव्याचा खर्च हेही त्याचं सरळ कारण असू शकतं. एकाच नोंदीचे दोन अर्थ लागत असतील तर दोन्ही उजव्या पानावर लिहायचे.

मग आपण काय म्हणू शकतो? एवढंच, की आरोप केला गेला, आरोपात जे वर्तन सांगितलं ते कोणाच्या नावावर नोंदलेलं सापडतं हे तपासता येतं, आणि तपासल्यावर पारडं कुठे झुकतं ते दिसतं. माणसाच्या मनात काय होतं हे सिद्ध करायची गरजच पडत नाही. हे मला कळायला दोन वर्षं लागली, आणि ते कागदपत्रांतून नाही कळलं.

माझी वही

मी मुलुंडला राहते. ज्याच्याबद्दल सांगतेय तो घाटकोपरला राहायचा. नाव-गाव सांगायचं कारण नाही. तो माझ्याकडून पैसे उसने घ्यायचा आणि महिनाअखेरीला मला ‘हिशेबी’ म्हणायचा. स्वतःचा फोन पालथा ठेवायचा आणि माझा फोन वाजला की ‘काय लपवतेस?’ विचारायचा. भेटायला तासभर उशिरा येऊन ‘तुला माझी किंमतच नाही’ म्हणायचा. हे वाचताना तुम्हाला सगळं स्वच्छ दिसतंय. मला तेव्हा दिसत नव्हतं. रात्री स्लो लोकलमध्ये बसून मी स्वतःलाच विचारायचे, मी खरंच हिशेबी आहे का? फेलोशिपचे पैसे पाच महिने अडकले होते, चहासुद्धा मोजून पीत होते, त्यामुळे उत्तर ‘हो’ असंच यायचं.

इथेच फसगत असते. असे आरोप नेहमी स्वभावावर येतात, घटनेवर येत नाहीत. तू लोभी. तू खोटारडी. तू स्वार्थी. स्वभावावरच्या आरोपाला उत्तर देता येत नाही, कारण आपला स्वभाव शंभर टक्के स्वच्छ आहे अशी शपथ कोणीच प्रामाणिक माणूस घेऊ शकत नाही. प्रामाणिक माणूस आधी स्वतःला तपासतो, आणि तो स्वतःला तपासत बसला की मूळ विषय निसटतो.

एके दिवशी मी प्रयोगाचीच एक कोरी वही घेतली. पानांना क्रमांक घातले. डाव्या पानावर तारीख, काय घडलं, काय बोललं गेलं. उजव्या पानावर मला काय वाटलं. तीन महिने लिहिलं. मग एका रविवारी प्रत्येक आरोपापुढे लिहीत गेले, यातलं वर्तन डाव्या पानावर कोणाच्या नावाने आहे?

काही ठिकाणी ते माझ्याच नावाने निघालं. मी फोन उचलते म्हणाले होते आणि उचलला नव्हता. एकदा त्याच्या मित्रासमोर त्याच्या नोकरीवरून टोमणा मारला होता. ते लिहिताना हात जड झाला, पण रेघ मारून टाकलं नाही. बाकी बहुतेक ठिकाणी नाव त्याचं होतं. माझ्या चुका खऱ्या निघाल्या म्हणून उरलेले आरोप खरे ठरत नव्हते. हे दोन हिशेब वेगळे आहेत हे समजलं आणि डोकं हलकं झालं.

उत्तर कोणाला द्यायचं?

मग मी एक चूक केली. वही त्याला वाचून दाखवली. मला वाटलं, पुरावा पाहिल्यावर माणूस मान्य करेल. त्याने ‘तू माझ्यावर पाळत ठेवतेस’ हा नवा आरोप केला. मी पुन्हा ट्रेनमध्ये बसून विचार करू लागले, मी खरंच पाळत ठेवते का?

त्यानंतर रखमाबाईंचं उत्तर मी पुन्हा वाचलं, आणि जे आधी दिसलं नव्हतं ते दिसलं. त्यांनी ते दादाजींना लिहिलेलंच नाही. ते वर्तमानपत्राला लिहिलं, म्हणजे तिसऱ्या माणसाला. दादाजींना पटवायचा त्यात प्रयत्न नाही. कोण कुठे राहत होतं, कोणाचा खर्च कोण करत होतं, कोण शाळा सोडून बसलं, कोण किती काळ आजारी होतं, अशी ती घटनांची माळ आहे. ‘मी लोभी नाही’ हे सिद्ध करायला त्या थांबत नाहीत.

याच काळातलं दुसरं उदाहरण शेजारी ठेवलं की फरक कळतो. आनंदीबाई जोशी कल्याणच्या, रखमाबाईंपेक्षा चारच महिन्यांनी लहान. त्या अमेरिकेत डॉक्टरकी शिकत असताना गोपाळराव पत्रांतून त्यांना दोष द्यायचे. तिला तिथे पाठवण्याचा ध्यास त्यांचाच, आणि ती बदलेल म्हणून जाचही त्यांचाच. आनंदीबाईंनी एका पत्रात शांतपणे वयानुसार मांडलं की दहाव्या वर्षी लाकडाचा मार, बाराव्या वर्षी अंगावर फेकलेल्या खुर्च्या आणि पुस्तकं. पद्धत तीच : विशेषणं नाहीत, वय आणि घटना. पण हे पत्र गेलं गोपाळरावांकडेच. आनंदीबाई त्याच पत्रात त्यांना समजूनही घेतात, त्यांच्यामुळे शिकता आलं हेही विसरत नाहीत. त्यांचा नवरा हाच त्यांचा वाचक होता आणि तोच न्यायाधीश. २६ फेब्रुवारी १८८७ ला आनंदीबाई पुण्यात वारल्या. त्यानंतर आठवडाभरातच फॅरन यांचा निकाल आला. हे दोन दिवस इतके जवळ आहेत हे पहिल्यांदा कॅलेंडरवर पाहिलं तेव्हा मी वही मिटून बाहेर चहा प्यायला गेले.

दोघींच्या परिस्थितीची तुलना करून एकीला धीट आणि दुसरीला भित्री ठरवायचं नाही. रखमाबाईंच्या पाठीशी आई होती, आजोबा होते, स्वतःच्या नावावर मालमत्ता होती, मदतीला समिती उभी राहिली होती. समुद्रापलीकडे एकट्या असलेल्या आनंदीबाईंकडे यातलं काय होतं? म्हणूनच मुद्दा हिमतीचा नाही, ऐकणाऱ्याचा आहे. जो आरोप करतो त्यालाच न्यायाधीश नेमलं तर निकाल आधीच ठरलेला असतो.

मी वही दुसऱ्यांदा दाखवली ती मावशीला. तिने सगळं वाचून एकच विचारलं, “यातलं कुठलं पान तू स्वतः पुन्हा पुन्हा वाचतेस?” पुढच्या महिन्यात आम्ही वेगळे झालो. त्याने शेवटपर्यंत काही मान्य केलं नाही. त्याची गरजही नव्हती.

तुम्हाला उपयोगी पडेल असं

स्वभावावर आरोप झाला की आधी त्याचं घटनेत रूपांतर करून मागा : कधी, कुठे, काय केलं? तारीख सांगता आली आणि चूक आपली निघाली तर माफी मागा आणि सुधारा. तारीख सांगता येत नसेल तर उत्तर द्यायची जबाबदारी तुमची नाही. लिहून ठेवा, पण ते वाद जिंकायला वापरू नका. ते तुमच्या स्मरणशक्तीवरचा तुमचा विश्वास टिकवण्यासाठी आहे. मारहाणीची किंवा धमकीची शक्यता असेल तर वही घरात ठेवूच नका, विश्वासातल्या माणसाकडे ठेवा. एक तिसरा माणूस शोधा, मैत्रीण, मावशी, समुपदेशक. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात शाब्दिक आणि मानसिक छळही धरला आहे, आणि लग्नासारख्या नात्यात एकत्र राहणाऱ्या स्त्रियांनाही तो लागू आहे. महिलांसाठी १८१ आणि मनाच्या त्रासासाठी टेलिमानसचा १४४१६ हे नंबर फोनमध्ये ठेवा. आणि स्वतःचीही डावी-उजवी पानं तपासा. प्रक्षेपण हा शब्द शिकल्यावर तोच दुसऱ्यावर फेकायचा मोह होतो. मलाही झाला होता.

रखमाबाई २५ सप्टेंबर १९५५ ला नव्वदी पार करून गेल्या. त्याच वर्षी मे महिन्यात हिंदू विवाह कायदा लागू झाला होता. त्याच्या नवव्या कलमात वैवाहिक हक्क परत मिळवण्याचा दावा आजही आहे. पुढच्या वेळी हायकोर्टाच्या बाजूने जाल तेव्हा त्या दगडी इमारतीकडे जरा बघा. एका बाविशीतल्या मुलीला तिथे विचारलं होतं, जातेस की तुरुंगात जातेस? तिने उत्तर दिलं, आणि ते नवऱ्याला दिलं नव्हतं.